सरपंचांची माहिती मागितली, तर काय द्यायचं आणि काय झाकायचं

ग्रामपंचायतीत माहिती अधिकाराचा एक अर्ज येतो. सरपंचांच्या अपत्यांची संख्या, घरपट्टीची थकबाकी, जातवैधता प्रमाणपत्राची प्रत, गेल्या वर्षीची प्रवासभत्त्याची बिलं आणि रजेचे अर्ज, असं सगळं एकाच कागदावर मागितलेलं असतं. ग्रामसेवकाला (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं असलं, तरी गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात) दोन सोप्या वाटा दिसतात. कपाटातली फाइल काढायची, जशीच्या तशी झेरॉक्स करून द्यायची आणि मोकळं व्हायचं. नाहीतर ‘सदर माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही’ असं एका ओळीचं पत्र लिहून सरपंचांना खूश करायचं.

दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. पहिल्या वाटेनं सरपंचांच्या मुलांची नावं, आधार क्रमांक, बँक खातं आणि डॉक्टरांची चिठ्ठी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचते. दुसऱ्या वाटेनं गावाला हे कळायचं राहून जातं, की खुर्चीवर बसलेला माणूस कायद्यानं तिथं बसायला पात्र आहे की नाही. वर मागितलेल्या पाचही गोष्टींची उत्तरं देता येतात, आणि तरीही कुणाच्या घराची कडी निघत नाही. त्यासाठी कागद अडवायचा नसतो, त्यातल्या ओळी निवडायच्या असतात. ते कसं करायचं, त्याची ही कृती.

सुरक्षेची काळजी पोकळ नाही, हे आधी मान्य करू. ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून करण्यात आला. माहिती मागणाऱ्याच्या जिवावर काय बेतू शकतं, हेही महाराष्ट्रानं पाहिलं आहे. तळेगाव दाभाड्यातले माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी खून झाला. त्यामुळे ‘सुरक्षितता’ हा शब्द आला की तो दोघांसाठी वापरायचा. निवडून आलेल्यासाठी आणि प्रश्न विचारणाऱ्यासाठीही.

१. अर्ज येण्याआधीची तयारी

निम्मं काम इथंच होतं. लोकांना सरपंचांचा घरचा पत्ता आणि खासगी मोबाइल नंबर लागतो, कारण ऑफिसात कुणी भेटत नाही आणि ऑफिसचा फोन उचलला जात नाही. ग्रामपंचायतीच्या नावावर एक सिम घ्या. तो नंबर, कार्यालयाचा ईमेल आणि सरपंच कोणत्या वारी, किती वाजता कार्यालयात बसतात, हे सूचना फलकावर आणि संकेतस्थळावर ठळक लिहा. मग घरचा नंबर फलकावरून काढून टाका.

महिला सरपंचांच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचं आहे. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. फलकावर बाईंचा खासगी नंबर असला की रात्री-अपरात्री फोन, नको ते संदेश सुरू होतात. मग घरचे ‘त्यापेक्षा माझाच नंबर टाका’ म्हणतात, आणि कारभार नवऱ्याच्या फोनवर चालायला लागतो. कार्यालयाचा नंबर असला तर बाईंना त्रासही होत नाही आणि सत्ताही त्यांच्याच हातात राहते.

दुसरी तयारी म्हणजे प्रत्येक सदस्याच्या दोन फाइली करा. एकीत पदाशी संबंधित कागद: निवडून आल्याचं प्रमाणपत्र, जातवैधता, मानधन, भत्ते, बैठकांची हजेरी. दुसरीत खासगी: आधार, पॅन, पासबुक, वैद्यकीय कागद, कुटुंबाची माहिती. सगळं एका दोऱ्यात बांधलं की झेरॉक्सच्या वेळी चूक होणारच.

२. अर्ज आल्या दिवशी

आवक नोंदवहीत नोंद करा आणि तारीख टाका. माहिती द्यायला ३० दिवस आहेत. कुणाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल, तर ४८ तास. अर्जदाराला ‘कशाला हवंय?’ असं विचारू नका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(२) प्रमाणे त्यानं कारण सांगायची गरज नाही.

मग अर्जातले मुद्दे सुटे करून एका कागदावर लिहून काढा. एकाच अर्जात देण्यासारखं आणि झाकण्यासारखं असं दोन्ही असतं. एका मुद्द्यामुळे सगळा अर्ज नाकारला जातो, असं फार वेळा घडतं.

३. प्रत्येक मुद्द्याला तीन प्रश्न

ही माहिती त्या माणसाच्या पदावर राहण्याच्या पात्रतेशी जोडलेली आहे का? तिच्यात सार्वजनिक पैसा किंवा सार्वजनिक जागा आहे का? ती त्याच्या पदावरच्या कामाबद्दल आहे का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर ती वस्तुस्थिती द्यायचीच. तिन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं, तर ती खासगी. इथं ‘वस्तुस्थिती’ हा शब्द धरून ठेवा. वस्तुस्थिती द्यायची याचा अर्थ तिच्यासोबतचा प्रत्येक कागद, प्रत्येक रकाना द्यायचा असा नाही.

आता तो पाच मुद्द्यांचा अर्ज समोर घ्या.

अपत्यांची संख्या. एरवी कुणाला किती मुलं आहेत, ही ज्याची त्याची गोष्ट. पण महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १४ प्रमाणे दोनपेक्षा जास्त अपत्यं असणं ही अपात्रता आहे, आणि १२ सप्टेंबर २००१ ही तिची कळीची तारीख. म्हणजे कायद्यानंच ही घरगुती गोष्ट सार्वजनिक केली आहे. तर अपत्यांची संख्या आणि त्या तारखेनंतरच्या जन्मांच्या तारखा द्या. मुलांची नावं, शाळा, जन्म कुठल्या दवाखान्यात झाला, हे झाका. मुलं निवडून आलेली नाहीत.

घरपट्टी. ग्रामपंचायतीची थकबाकी मुदतीत न भरणं हीसुद्धा अपात्रता होऊ शकते. नमुना ८ मधली आकारणी आणि नमुना ९ मधली मागणी-वसुली यांची त्या मिळकतीपुरती नक्कल द्या. शेजाऱ्याच्या ओळी झाका. मिळकत क्रमांक, बिल बजावल्याची तारीख, भरल्याची तारीख, रक्कम हे सगळं द्यायचं. सरकारी जागेवरच्या अतिक्रमणाबद्दल विचारलं असेल, तर जागेची मोजणी आणि हद्द द्यायची, कारण ती जागा गावाची आहे. घराच्या आतल्या खोल्यांचा नकाशा मात्र द्यायचा नाही. सातबारा लपवण्यात अर्थच नाही. तो महाभूलेखवर कुणालाही पाहता येतो.

जातवैधता प्रमाणपत्र. राखीव जागेवरून निवडून आलेल्या सदस्याला ते मुदतीत सादर करावंच लागतं. प्रमाणपत्र क्रमांक, समितीचं नाव, तारीख, आणि ग्रामपंचायतीत किंवा तहसीलला कधी सादर झालं ती नोंद द्या. वंशावळ, आजोबांच्या शाळेचा दाखला, चुलत्यांचे कागद हे अर्जदाराच्या हातात ठेवायचे नाहीत. दाखला खोटा आहे असं त्याला वाटत असेल, तर पडताळणी समितीकडे तक्रार करायची वाट त्याला मोकळी आहे, आणि हे तुमच्या उत्तरात लिहा.

प्रवासभत्ता. सार्वजनिक पैसा आहे, त्यामुळे तारीख, ठिकाण, कारण, रक्कम, सगळं उघड. बँक खात्याचा क्रमांक आणि आयएफएससी तेवढा झाका. झालेला प्रवास द्यायचा. पुढच्या आठवड्यात सरपंच कधी, कोणत्या रस्त्यानं जाणार, हे कुणी मागितलं तर ते नाही. आमदार-खासदारांच्या बाबतीतही हाच नियम धरावा. बंदोबस्तावर किती खर्च झाला हे जनतेचं आहे; कोणता शिपाई कोणत्या दारावर किती वाजता उभा असतो, हे नाही.

रजेचे अर्ज. परवानगीशिवाय सलग सहा महिने बैठकांना गैरहजर राहिलं, तर सदस्यत्व जाऊ शकतं. म्हणून गैरहजेरीच्या तारखा, रजेचा अर्ज आला होता का, पंचायतीनं कधी मंजूर केला, हे द्यायचं. आजाराचं नाव झाका, डॉक्टरांची चिठ्ठी द्यायचीच नाही. माणूस गरोदर होता, कर्करोगाच्या उपचारावर होता की मानसोपचार घेत होता, याचा कोरमशी संबंध नाही.

एवढ्या बारकाईनं पाहायला वेळ लागतो, हे खरं. पण माझ्या मते लोकप्रतिनिधीला जगू देणं आणि त्याला जाब विचारणं, या दोन्हींची सोय फक्त याच पातळीवर होते. कागद द्यायचा की नाही, एवढ्यावरच निर्णय थांबला तर कुणातरी एकाचं नुकसान ठरलेलंच.

४. झाकायचं कसं

मूळ कागदाला हात लावायचा नाही. आधी झेरॉक्स काढा. त्या प्रतीवर, झाकायच्या ओळीवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवा. पुन्हा झेरॉक्स काढा. ही दुसरी प्रत द्यायची. काळ्या मार्करनं खोडलेली प्रत तशीच देऊ नका. कागद उजेडाकडे धरला की शाईखालचे आकडे दिसतात, पाठीमागून तर हमखास.

संगणकावर तर जास्त सावध राहा. पीडीएफवर काळा चौकोन काढला, की मजकूर गेला असं वाटतं. पण तो चौकोन वरचा थर असतो. खालचा मजकूर माऊसनं निवडून दुसऱ्या फाइलीत पेस्ट केला की पूर्ण नंबर हातात येतो. त्यामुळे छापा, पट्टी लावा, स्कॅन करा, आणि तीच स्कॅन केलेली फाइल चढवा. आधार कार्डाची प्रत असेल तर फक्त बारा अंक झाकून भागत नाही. त्यावरच्या क्यूआर कोडमध्ये पत्ता आणि जन्मतारीख असते. आधार क्रमांक जाहीर करायला आधार कायद्याचीच मनाई आहे. फाइलीच्या नावात मोबाइल नंबर राहिला आहे का, तेही बघून घ्या.

झाकलेल्या प्रत्येक जागेशेजारी समासात लिहा: ‘कलम १० नुसार वगळले, बँक खाते क्रमांक’. माहिती अधिकार कायद्याचं कलम १० हेच सांगतं, की देता न येण्यासारखा भाग वेगळा काढून उरलेला द्यायचा. वाचणाऱ्याला निदान काय झाकलंय हे कळलं पाहिजे. नुसती पांढरी जागा दिसली की संशय वाढतो, आणि तो बरोबरच असतो.

५. सरपंचांना विचारायचं का?

प्रत्येक वेळी नाही. कायद्यानंच जी माहिती जाहीर करायची आहे, तिच्यासाठी संमती लागत नाही. पण गोपनीय म्हणून दिलेली एखादी माहिती द्यावी असं तुमचं मत झालं, तर कलम ११ प्रमाणे अर्ज आल्यापासून ५ दिवसांत सरपंचांना त्रयस्थ पक्ष म्हणून नोटीस काढा. त्यांना म्हणणं मांडायला १० दिवस मिळतात, आणि निर्णय एकूण ४० दिवसांत द्यायचा असतो. म्हणणं ऐकायचं; निर्णय मात्र जन माहिती अधिकारी म्हणून तुमचा. सरपंचांनी ‘नको’ म्हटलं म्हणून नको, असं होत नाही.

या नोटिशीत अर्जदाराचा पत्ता आणि फोन लिहू नका. काय माहिती मागितली आहे, एवढं पुरे. अर्ज ग्रामसभेत वाचून दाखवणं, त्याचा फोटो ग्रुपवर टाकणं, ‘अमक्यानं तुमच्याबद्दल मागितलंय’ असं चहाच्या टपरीवर सांगणं, हे सगळं बंद. कलकत्ता उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये अर्जदाराला टपालपेटी क्रमांकावरही उत्तर मागता येईल असं म्हटलं, आणि त्यानंतर केंद्र सरकारनं अर्जदारांचे वैयक्तिक तपशील संकेतस्थळावर टाकू नयेत अशा सूचना काढल्या. गावपातळीवर या सूचनांची गरज दिल्लीपेक्षा जास्त आहे. इथं सगळे एकमेकांच्या गल्ल्या ओळखतात.

६. ‘माझ्या जिवाला धोका आहे’ असं सरपंच म्हणाले तर

हलक्यात घेऊ नका आणि आंधळेपणानं मानूही नका. कलम ८(१)(जी) मध्ये कुणाच्या जीविताला किंवा शारीरिक सुरक्षिततेला धोका होईल अशी माहिती नाकारण्याची सोय आहे. पण ती वापरायची, तर धोका आणि माहिती यांचा धागा दाखवावा लागतो. सरपंचांकडून लेखी घ्या: धमकी कधी आली, कशी आली, पोलिसांत तक्रार दिली का. मग स्वतःला विचारा, मागितलेल्या कागदातली नेमकी कोणती ओळ त्या धोक्यात भर घालते? घराचा पत्ता असेल तर पत्ता झाका. मुलाची शाळा असेल तर शाळा झाका. रस्त्याच्या कामाचं बिल कुणाला दिलं, हे उघड झाल्यानं ‘धोका’ होतो असं म्हटलं, तर ते मान्य करायचं नाही; तिथं धोका असलाच, तर उपाय पोलीस संरक्षण हा आहे, बिल दडवणं नाही.

ठेकेदाराचं नाव कधीच झाकायचं नाही. पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात सदस्याचा स्वतःचा वाटा असणं ही ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे अपात्रता आहे, आणि ती शोधायची तर गावाला देयकावरचं नाव वाचता आलंच पाहिजे. वित्त आयोगाच्या कामांची देयकं ई-ग्रामस्वराजवर दिसतात, तशी ती कार्यालयातही दिसू द्या.

७. आदेश लिहिणं

इथं २०२५ पासून जास्त काळजी घ्यावी लागते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(१)(जे) पूर्वी म्हणायचं, की सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नसलेली, किंवा एखाद्याच्या खासगीपणात अकारण घुसखोरी करणारी वैयक्तिक माहिती नाकारता येईल. शिवाय संसदेला किंवा विधिमंडळाला जी नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारायची नाही, असं एक मोलाचं परंतुकही त्याला होतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) नं हे सगळं काढून तिथं नुसती ‘वैयक्तिक माहिती’ ठेवली, आणि हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. ही दुरुस्ती मला घातक वाटते. नाव असलेला प्रत्येक कागद आता ‘वैयक्तिक’ म्हणून बंद करता येतो, आणि हजेरीपटापासून देयकापर्यंत नाव नसलेला कागद पंचायतीत सापडणं कठीण.

पण कलम ८(२) शाबूत आहे. संरक्षित हितापेक्षा सार्वजनिक हित मोठं असेल, तर सूट असलेली माहितीही देता येते. म्हणून आदेशात प्रत्येक मुद्द्यापुढं दोन वाक्यं लिहायची सवय लावा: उघड केल्यानं कुणाला काय इजा होते, आणि न केल्यानं गावाचं काय नुकसान होतं. ही तुलना कागदावर आली, की निर्णय बहुतेक वेळा आपोआप सुचतो. नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे तुमच्यावर असते. अपिलाच्या वेळी हीच दोन वाक्यं तुमच्या कामी येतील.

न्यायालयांनी या तराजूची दोन्ही पारडी दाखवली आहेत. २ मे २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं उमेदवारांची गुन्हेगारी पार्श्वभूमी, मालमत्ता आणि शिक्षण जाणून घेणं हा मतदाराचा हक्क ठरवला. आजची उमेदवारांची शपथपत्रं त्यातूनच आली. एप्रिल २०२४ मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या आमदाराच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं सांगितलं, की उमेदवारानं आपल्या आयुष्याचा कोपरान्‌कोपरा मतदारापुढं मांडायची गरज नाही. कपडे, चपला, भांडीकुंडी जाहीर करायला नकोत. पण एखाद्या कुटुंबाकडे महागड्या घड्याळांचा संग्रह असेल, तर तो जाहीर करावा लागेल, कारण त्यातून राहणीमान कळतं. ग्रामसेवकानं हे घड्याळाचं उदाहरण लक्षात ठेवावं. वस्तू तीच, पण किंमत वाढली की ती खासगी राहत नाही.

शपथपत्रांबद्दल माझं एक स्पष्ट मत आहे. मालमत्ता, खटले, कर्ज, शिक्षण संकेतस्थळावर पूर्ण असावं. घराचा पत्ता मात्र तिथं गाव किंवा प्रभागापर्यंतच दिसावा, आणि पूर्ण पत्ता कार्यालयात येऊन पाहता यावा. कार्यालयात येणारा माणूस तोंड दाखवतो. रात्री दोन वाजता संकेतस्थळ उघडणारा दाखवत नाही.

८. अर्ज करणाऱ्यांसाठी

‘सरपंचांची संपूर्ण फाइल’ मागू नका. ‘सरपंचांच्या नावे असलेल्या मिळकतीची अमुक वर्षाची मागणी, भरणा व बाकी’ असं मागा. प्रश्न जितका पदाला चिकटलेला, तितका नाकारायला अवघड. मोबाइल नंबर, मुलांची नावं, आजारपण यांत पडू नका. त्यानं तुमचा खरा मुद्दाच कमजोर होतो. आणि आधी अवलोकन मागा. रजिस्टर डोळ्यांनी बघितलं, की कोणत्या पानाची नक्कल हवी ते कळतं, पैसेही वाचतात.

९. ग्रामसेवकासाठी: पत्र पाठवण्यापूर्वीची शेवटची नजर

माहिती पूर्ण किंवा अंशतः नाकारली असेल, तर पत्रात तीन गोष्टी आहेत का ते बघा: कोणत्या कलमाखाली आणि का नाकारली, प्रथम अपील ३० दिवसांत करता येईल ही मुदत, आणि पंचायत समितीतल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याचं नाव व पत्ता. कलम ७(८) ला हे तिन्ही हवेत. यांतलं एक जरी नसलं, तरी त्या पत्रावर सही करू नका.